परवानगी देताना आपण नेमकं काय देतो?

मित्रहो, जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा रस्त्यावर फिरत खेळायचा मोबाइल खेळ आला आणि काही दिवसांतच एक बाब उघडकीस आली. आयफोनवर गूगल खात्यातून खेळात शिरलं, की काही जणांच्या त्या खात्याचा पूर्ण ताबा खेळाला मिळत होता. ही चूक आहे, प्रत्यक्षात आम्ही फक्त खात्याची ओळख आणि ईमेल पत्ता घेतला, असं सांगून हा खेळ बनवणाऱ्या नायँटिक कंपनीने ती दुरुस्त केली. लोक निवांत झाले. मला मात्र वाटतं, आपली सगळी चिंता ईमेलवर खर्ची पडली. खेळाडू रोज कुठून कुठे जातो ही नोंद तर दुरुस्तीनंतरही चालूच राहणार होती, कारण तिच्याशिवाय हा खेळच उभा राहत नाही.

एक ठिकाण कळल्याने फारसं काही बिघडत नाही. ठिकाणांची माळ झाली की मात्र माणूस कळतो. फोन रात्रभर जिथे असतो ते घर, दिवसा तासन्‌तास असतो ती नोकरी, दर आठवड्याला ठरावीक वेळी थांबतो तो कदाचित दवाखाना. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ९५ टक्के लोकांचा माग बाकीच्यांतून वेगळा काढायला ठिकाण आणि वेळ यांच्या चार नोंदी पुरल्या. आणि तिथे ठिकाण म्हणजे जीपीएसचा बिंदू नव्हता, मोबाइलच्या टॉवरइतकंच ढोबळ होतं. त्यामुळे 'आम्ही नाव काढून टाकतो' या आश्वासनावर मी फारसा विसंबत नाही.

स्ट्रावा हे व्यायामाचं ॲप, खेळ नव्हे, पण धडा तोच. त्याच्या जागतिक नकाशावर कुणाचंही नाव नव्हतं, नुसत्या धावण्याच्या उजळ रेषा होत्या. जानेवारी २०१८ मध्ये त्याच रेषांवरून लष्करी तळांच्या आतले रस्ते ओळखता आले.

फोनमधल्या सोयी आता सुधारल्या आहेत, हे मान्य करायला हवं. अँड्रॉइड १० पासून 'ॲप वापरात असतानाच' एवढीच परवानगी देता येते. आयफोनच्या आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ मध्ये अंदाजे ठिकाण देण्याची सोय आली. पण रस्त्यावर चालत खेळायच्या खेळाला अंदाजे ठिकाण पुरत नाही, म्हणून खेळाडूच्या हातात खरी निवड उरते ती पहिलीच. ॲप बंद असतानाही चाललेलं अंतर मोजण्याचं आमिष असे खेळ दाखवतात. तिथे थोडं थांबा. संपर्कयादी मागितली तर मित्र शोधण्यापलीकडे तिचा उपयोग काय, हेही विचारा.

कंपन्या विकल्याही जातात. २०२५ मध्ये नायँटिकने आपला खेळांचा व्यवसाय स्कोपली कंपनीला साडेतीन अब्ज डॉलरना विकला. परवानगीचं बटण दाबताना पुढचा मालक कुणाला दिसतो?

आणि परवानगी काढून घेतली तर उद्याची नोंद थांबते, कालची सर्व्हरवर तशीच राहू शकते. ॲप फोनवरून काढल्याने खातं मिटत नाही. त्यासाठी खातं आणि माहिती पुसण्याची विनंती वेगळी करावी लागते, आणि तो पर्याय बहुधा सेटिंगच्या तळाशी असतो.