जमीन तिकडे, प्रतिवादी इकडे

श्रोतेहो, नमस्कार.

१७५० साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात, म्हणजे न्यायबुद्धीला धरून दाद देणाऱ्या न्यायालयात, त्याचे प्रमुख लॉर्ड चान्सलर हार्डविक यांच्यापुढे एक दावा निकालासाठी आला. वादी होते पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांचे मुलगे, प्रतिवादी होते मेरीलँडचे मालक लॉर्ड बॉल्टिमोर, आणि वादातली जमीन होती अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेत. दोन वसाहतींची हद्द कुठून जाते आणि डेलावेअर नदीकाठचे तीन परगणे कोणाचे, हे ठरवायचे होते. हे प्रकरण एकट्या न्यायाधीशापेक्षा रोमच्या सिनेटने निवाडा करावा अशा तोलाचे आहे, असे हार्डविक यांनी सुरुवातीलाच म्हटले. निवाडा मात्र त्यांनीच केला.

या भांडणाचे मूळ दोन सनदांत होते. १६३२ साली राजा पहिला चार्ल्स याने बॉल्टिमोर घराण्याला मेरीलँडची सनद दिली, तिच्यात उत्तरेची हद्द चाळीसाव्या अक्षांशाला भिडवलेली होती. पुढे १६८१ साली दुसऱ्या चार्ल्सने, पेन यांच्या वडिलांना द्यायचे असलेले सोळा हजार पौंड फेडण्याऐवजी, विल्यम पेन यांना पेनसिल्व्हेनिया बहाल केला. या दुसऱ्या सनदेतली दक्षिण हद्द न्यू कॅसल या गावापासून बारा मैलांच्या वर्तुळाने सुरू होऊन चाळीसाव्या अक्षांशाच्या आरंभाला मिळायची होती. अडचण एवढीच की, ते वर्तुळ त्या अक्षांशाला कुठेच शिवत नाही. लंडनमध्ये चुकीच्या नकाशावर बोट ठेवून लिहिलेला हा मजकूर होता. पेन यांनी वसवलेले फिलाडेल्फिया शहर तर चाळीस अंशांच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे बॉल्टिमोर यांच्या सनदेप्रमाणे मेरीलँडमध्येच पडत होते.

डेलावेअरच्या काठाचा वाद १६८५ साली राजाच्या मंत्रिमंडळापुढे गेला, तेव्हा बॉल्टिमोर यांच्या सनदेतले दोनच लॅटिन शब्द त्यांच्यावर उलटले. त्या शब्दांचा अर्थ ‘आजवर मशागत न झालेली’ असा होता. डच लोकांनी १६३१ साली, म्हणजे सनदेच्या आदल्याच वर्षी, त्या किनाऱ्यावर एक वसाहत घातली होती. म्हणून ती जमीन सनदेत येतच नाही, असे ठरले. ती डच वसाहत तिथल्या मूळ रहिवाशांनी अल्पावधीतच उद्ध्वस्त केली होती, हे इथे सांगायला हवे. वर्षभरही न टिकलेल्या वसाहतीची मशागत कायद्याने धरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत मका पिकवणाऱ्या लेनापी लोकांची धरली नाही. मला या साऱ्या प्रकरणात हा मुद्दा सर्वांत अधिक खटकतो.

हद्द अशी अधांतरी राहिल्याचा त्रास प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला झाला. सस्केहाना नदीच्या पश्चिमेला एकाच जमिनीवर दोन्ही वसाहती हक्क सांगत, आणि सारा कोणाकडे भरायचा हे शेतकऱ्याला कळत नसे. मेरीलँडच्या बाजूने तिथे ठाण मांडून बसलेल्या थॉमस क्रेसॅप याला १७३६ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाच्या शेरीफच्या माणसांनी घराला आग लावून बाहेर काढले व बेड्या घालून फिलाडेल्फियात आणले. ते शहर पाहून, मेरीलँडमधल्या सुंदर गावांपैकी हे एक आहे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. तो उद्धट होता खरा, पण सनद वाचली तर त्याचे बोलणे अगदीच निराधार नव्हते.

दरम्यान १७३२ साली दोन्ही घराण्यांनी लंडनमध्ये लेखी करार केला होता. त्याला जोडलेल्या नकाशात हेन्लोपेन हे भूशिर आपल्या खऱ्या जागेपासून बरेच दक्षिणेला दाखवलेले होते, आणि त्यामुळे बॉल्टिमोर यांची मोठी जमीन जात होती. हे लक्षात येताच त्यांनी टाळाटाळ सुरू केली. न्यू कॅसलचा मध्य कोणता हे कळत नाही, असे त्यांचे आयुक्त म्हणू लागले. बारा मैल ही वर्तुळाची त्रिज्या नसून त्याचा घेर आहे, असेही त्यांनी मांडून पाहिले. शेवटी १७३५ साली पेन बंधूंनी कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावला, आणि तो पंधरा वर्षे चालला.

बॉल्टिमोर यांचा कायदेशीर बचाव भक्कम वाटावा असा होता. जमीन अमेरिकेत आहे, वसाहतींच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार राजाचा आणि त्याच्या मंत्रिमंडळाचा आहे, तेव्हा चॅन्सरीला हा दावा ऐकताच येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ हक्क ठरवणे आपल्या हाती नाही, हे हार्डविक यांनी मान्य केले. मात्र करार इंग्लंडमध्ये झाला आहे आणि तो करणारा माणूस न्यायालयाच्या कक्षेत आहे; जमिनीला हात लावता आला नाही तरी दिलेला शब्द पाळण्याचा हुकूम त्या माणसाला देता येतो, असे त्यांनी ठरवले. करार कायम झाला, चुकीचा नकाशाही कायम झाला, आणि बारा मैल ही त्रिज्याच ठरली.

हे तत्त्व आपल्या वकिलांना परके नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे असेल तिथेच लावावा लागतो. पण मागितलेली दाद प्रतिवादीने स्वतः हुकूम पाळल्याने पूर्णपणे मिळण्यासारखी असेल, तर तो राहतो तिथल्या न्यायालयातही दावा लावता येतो, असे त्याच कलमाचे परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेला अपवाद, सांगते. त्यामागचा विचार हार्डविक यांच्या निकालात दिसतो तोच आहे.

निकालानंतरही कुरबुरी चालूच राहिल्या आणि अखेरचा करार १७६० साली झाला. त्यानुसार मोजणीसाठी इंग्लंडहून चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांना आणले गेले. फिलाडेल्फियाच्या अगदी दक्षिण टोकाच्या घराच्या भिंतीपासून पंधरा मैल दक्षिणेला येणारा अक्षांश त्यांनी ताऱ्यांच्या वेधांवरून निश्चित केला आणि १७६५ पासून त्या रेषेने ते पश्चिमेकडे जंगल तोडत निघाले. हद्दीचे दगड इंग्लंडमधून जहाजाने आणले होते. दर मैलाला एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला पी कोरलेला दगड, आणि दर पाच मैलांवर दोन्ही घराण्यांची कुलचिन्हे असलेला दगड, अशी योजना होती.

पश्चिमेच्या मुलखात शिरण्यासाठी इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रसंघाची संमती घ्यावी लागली आणि त्यांची माणसे मोजणीदारांबरोबर चालत होती. ९ ऑक्टोबर १७६७ रोजी डंकार्ड नावाच्या ओढ्याजवळ योद्ध्यांच्या येण्याजाण्याची एक जुनी वाट आडवी आली. यापुढे पश्चिमेला एक पाऊलही टाकायचे नाही, असे सोबतच्या इरोक्वॉय माणसांच्या प्रमुखाने सांगितले. मेसन आणि डिक्सन तिथून परत फिरले. उरलेली रेषा १७८४ साली, पेन घराण्याची मालकी संपल्यावर, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांनी पुरी केली.