चौलसाठी दोन दिवस

(दृश्य: अलिबाग–रेवदंडा रस्ता, दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या)

अलिबाग सोडलं की थोड्याच वेळात चौल लागतं, आणि बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. काशीदचा किनारा गाठायची घाई असते. रस्त्यावरून दिसतात त्या वाड्या, गडगे, विहिरी. पण या वाड्यांच्या आत एक अख्खं नगर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर ‘चेमुल’ कोरलंय, ते हेच. दहाव्या शतकात आलेल्या अल मसूदी या अरब प्रवाशाने इथे सुखाने नांदणाऱ्या हजारो मुसलमानांबद्दल लिहून ठेवलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन याच बंदरात उतरला. आणि 360 देवळं, 360 तळी ही गोष्ट तर गावात आजही सांगतात.

म्हणून सांगणं एवढंच, चौलला वाटेवरचा थांबा करू नका. मुक्कामाला या.

मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट सोयीची, गाडीही सोबत येते. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, तिथीवर बोट)

निघण्याआधी कॅलेंडर उघडा, पण सुट्टी बघायला नव्हे, तिथी बघायला. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजेच ओहोटी. पौर्णिमेला उलट, भरदुपारी समुद्र तटाला भिडलेला. रेवदंड्याचा कोट समुद्राच्या अंगाने बघायचा, तर पाणी उतरलेलं हवं. बाकीचा सगळा बेत या एका वेळेभोवती बसवा.

सकाळ रामेश्वराला द्या. देवळासमोरची पुष्करिणी, दीपमाळ, उतरती कौलं. इथे अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं फरशीखाली झाकलेली आहेत. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची परंपरा. आज तुम्हाला दिसेल ती नुसती फरशी. तरी तिथे घटकाभर थांबावं. भातशेतीवर जगणाऱ्या गावाने पावसाची विनवणी कुठे केली, ती ही जागा.

शितळादेवीला आंग्र्यांची भक्ती होती. तिथून हिंगलाजदेवीच्या टेकडीवर चढा. देवी ज्या डोंगरात बसली आहे तिथलीच लेणी बौद्धांची आहेत. दत्ताच्या डोंगरालाही भरपूर पायऱ्या आहेत, तो उन्हं कलल्यावर करा. मार्गशीर्ष पौर्णिमेला इथली पाच दिवसांची यात्रा सुरू होते. तेव्हा यायचं असेल तर राहायची सोय खूप आधी करा. एरवी आलात तरी जेवण घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी ताट मिळेलच असं नाही.

(दृश्य: रेवदंड्याचा तट, भिंतीत रुजलेली झाडं)

दुसरा दिवस रेवदंड्याचा. पोर्तुगीजांचं चौल ते हे. 1508 मध्ये इथल्या कुंडलिका खाडीच्या तोंडाशी आरमारी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढे त्यांनी इथे कोट उभारला आणि 1740 च्या तहाने तो मराठ्यांकडे आला. आत वाड्यांमध्ये एकाकी उभा असलेला सातखणी मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचा. वाड्या खासगी आहेत, मालकाला हाक मारून आत जा. जवळच्या आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, पण या किनाऱ्याची मराठी त्यांनी सोबत नेली.

दुपारनंतर साळावचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ल्यावरून कुंडलिकेचं मुख आणि पलीकडचा रेवदंडा एका नजरेत येतो. दोन्ही काठांवर तोफा ठेवणाऱ्याच्या हाती हे बंदर कसं राहत असेल, ते इथे कळतं. पण वेळ वाचवा तो पायथ्याच्या गावासाठी. इथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमधून जन्मलेली आपली वेगळी बोली बोलतात, आणि बाहेर मराठी. कॅमेरा बाजूला ठेवून, विचारून बोलायला बसा.