मावशीची वही

(दृश्य: डोंबिवली, सकाळ. तिसऱ्या मजल्यावरची ग्रिल. रंगाच्या बादलीतून वर आलेलं मिरचीचं झाड.)

सकाळचे साडेसात. बाल्कनीत ऊन आलंय. साडेअकराला ते समोरच्या बिल्डिंगमागे जाईल ते उद्यापर्यंत. आठ फूट लांब, तीन फूट रुंद जागा, त्यातला एक कोपरा वॉशिंग मशीनने खाल्लेला. उरलेल्यात माझ्या मावशीची बाग.

रंगाच्या दोन बादल्या. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा. मासळीवालीकडून मागून आणलेला थर्माकोलचा खोका. दुधाच्या पिशव्या. विकत आणलेली कुंडी एकच, चिनी मातीची, आणि ती रिकामी. त्यातला गुलाब कधीच गेला.

"मग कुंडी ठेवलीस कशाला?"

"राहू दे रे. तीनशे रुपयांची फी भरलीये मी."

(दृश्य: खर्चाची वही. मावशीचं बोट एका ओळीवर.)

दूध, रिक्षा, गॅस, आणि सगळ्यात खाली 'झाडं'. पहिल्या पावसाळ्यात तिथे 1,640 रुपये आहेत. गुलाब, कोकोपीट, खताच्या पुड्या, लाल फुलांचं काहीतरी ज्याचं नाव तिला आता आठवत नाही. दिवाळीपर्यंत सगळं वाळलं. त्या पानावर तिने पेनने चौकट आखली आणि आत लिहिलं: महिना 50. त्या चौकटीबाहेर ती आजवर गेलेली नाही.

पन्नास रुपयांत माती बसत नाही. तीही पोत्याच्या भावाने विकत मिळते, आणि ओली झाली की बादली दोघांनाही हलत नाही. उपाय निघाला स्टेशनजवळच्या रसवंतीत. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालू असतो आणि मागे उसाच्या चिपाडांचा ढीग वाढत असतो. मालक म्हणाले, "न्या की मावशी, आम्हाला तरी कुठं ठेवायचीत?" मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी हीच चिपाडं वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या होत्या. आणि गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोलकर कोल्हापूरकडे शेतात प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर सांगत राहिले, की आधी आपल्या आसपास काय पडलंय ते बघा. मावशीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिला फक्त फुकट काहीतरी हवं होतं.

पहिल्या वेळी चिपाडं तशीच भरली. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग बाल्कनीतून थेट साखरेच्या डब्यापर्यंत! आता ती चिपाडं पाण्यातून काढते, दोन-तीन दिवस उन्हात कडकडीत वाळवते, मगच बादलीत जातात. खाली चिपाडं, वर पाचोळा, आणि सगळ्यात वर चार बोटं माती आणि घरचं खत. बादली निम्म्याहून हलकी होते. चिपाडं कुजत बसतात तसा थर खाली जातो, म्हणून दर दोन महिन्यांनी वरून भर घालायची.

घरचं खत म्हणजे भोकं पाडलेल्या जुन्या माठातला भाजीचा कचरा. प्रत्येक ओल्या थरावर सुका पाचोळा, आणि सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. वास आला तर समजायचं, पाणी जास्त झालंय; पाचोळा वाढवायचा. चहाचा चोथा आधी धुऊन घ्यायचा, नाहीतर पुन्हा मुंग्या.

(दृश्य, अगदी जवळून: पोळपाटावर धणे. वरून लाटणं फिरतंय.)

हे नीट बघा. लाटणं दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. टक् करून धण्याच्या दोन डाळी होतात. प्रत्येक डाळीत एक बी, म्हणजे एका धण्यातून दोन रोपं. रात्रभर भिजवायचे, सकाळी पेरायचे. वाण्याकडचे धणे जुने असले तर उगवत नाहीत, म्हणून मावशी आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवते. मोड आले तर पुढचं. मग वाट बघणं. मेथी चार दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबीर दहा-बारा दिवस तोंड दाखवत नाही. पहिल्या खेपेला मावशीने आठव्या दिवशी माती उकरून पाहिली आणि सगळं बिघडवलं.

पुदिन्याची पानं चटणीत, काड्या पेल्यातल्या पाण्यात. मुळं फुटली की डब्यात. कढीपत्ता मैत्रिणीच्या झाडाच्या मुळाशी आलेलं रोप. मिरचीचं बी मसाल्याच्या डब्यातलं. चार तासांच्या उन्हात मिरची लागते, पण मोजून.

कांदे-बटाटे कुंडीत लावा असं सांगणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही. त्या जागेत तेवढ्याच दिवसांत मेथी दोन-तीनदा निघते. लावायचं ते, जे आपण अख्खी जुडी आणतो, चार काड्या वापरतो आणि उरलेलं फ्रीजमध्ये काळं करतो.

सगळं सुरळीत चाललंय असंही नाही. खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातीचं पाणी पडलं आणि जिन्यात आवाज चढले. आता प्रत्येक डब्याखाली जुनं ताट आहे, आणि वहिनींकडे दर शनिवारी कढीपत्ता जातो. मिरचीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला की साबणाचं पातळ पाणी, पानांच्या मागच्या बाजूने. एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीऐवजी वर जुनी सुती साडी.

मी विचारलं, भाजीचा खर्च किती वाचतो? मावशीने वही उलटून बेरीज केली. महिन्याला शंभर-सव्वाशे. "त्यातले पन्नास इथेच जातात," ती म्हणाली आणि हसली.

(दृश्य: थर्माकोलचा खोका. मातीत दाटीने खोचलेले खराट्याचे हीर, मधे उकरलेला खड्डा. ग्रिलवर कबुतर.)

वहीतली कालची नोंद: मेथी कबुतराने उपटली. पुन्हा पेरली. हीर खोचले. खर्च 0.