तेच सोनं

(दृश्य: पहाटेची गुजरी. शटर बंद. झारेकरी पायऱ्यांच्या कडेची धूळ ब्रशनं ओढतोय.)

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, केर टाकून देत नाहीत. सोनारांच्या दारातली ही धूळ झारेकरी गोळा करतात, घमेल्यात घालतात आणि पाण्यात हलवत राहतात. माती वाहून जाते. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. ते तळाशी बसून राहतं.

(घमेल्याचा तळ. अगदी जवळून.)

हा एवढासा कण कुणाच्या तरी डोरल्यातला असेल, नाहीतर कुड्यांतला.

(दृश्य: अरुंद लाकडी जिना. वरची पेढी.)

अंबाबाईच्या देवळातली घंटा इथं वर ऐकू येते. पेढी म्हणजे एक खोली. खाली गादी, पुढ्यात ऐरण, कोपऱ्यात बागेसरी. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. ती आता बहुतेक वेळ थंडच असते, काम गॅसच्या बत्तीवर होतं. पण मामांनी ती हलवलेली नाही. मामा कुणाचे मामा, हे आम्ही विचारलं नाही. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते.

आज एक आजी आल्यात, बरोबर नात. रुमालात दोन वस्तू. एक पाटल्यांची जोडी. एक बोरमाळ, मण्यांना पोचे आलेली.

नातीचं लग्न आहे. तिला कोल्हापुरी साज हवाय.

(दृश्य: काटा. त्यावर नुसत्या पाटल्या. आकडे स्थिर होतात.)

"सव्वातीन तोळं हाईत," आजी सांगतात. काटा ३७.६ ग्रॅम दाखवतो. "म्हणजे पावणेचार की गं आजी!" नात हसते. दोघींचंही बरोबर आहे. आजीचा तोळा बारा माशांचा, ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. नातीचा तोळा बाजारातला, सरळ १० ग्रॅमचा. आजीच्या हिशेबानं ३७.९ भरायला हवं होतं. उरलेलं कुठं गेलं? भाकऱ्या थापताना, धुणं आपटताना झिजलं. सोनं असं घरातच सांडत जातं.

(दृश्य: कसोटीचा काळा दगड. पाटलीचा कस.)

कसोटीवर पाटलीची एक रेघ, शेजारी माहितीच्या बावीस कॅरेटची एक रेघ. दोन्हींवर ॲसिडचा थेंब. रंग तसाच राहिला. बावीस कॅरेट, म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं. पाटल्या भरीव आहेत, सांधे कमी, म्हणून आत डाखही कमी. डाख म्हणजे सांधा जोडायचं मिश्रण. जुन्या दागिन्यांचा कस उतरतो तो बहुतेकदा या डाखामुळं. आणि तिथंच गिऱ्हाईक आणि सोनार यांच्यात बिनसतं.

इथं एक गोष्ट आम्हाला सांगायचीच आहे. मोठ्या दुकानात तुम्ही मोड, म्हणजे जुना दागिना, देता तेव्हा तिचं वजन होतं, कस निघतो, भाव लागतो, आणि काउंटरवरून दुसरं सोनं तुमच्या हातात येतं. हिशेब चोख असतो. त्यात फसवणूक नाही. पण आजीच्या पाटल्या तिथं संपतात. मामांच्या पुढ्यात तेच सोनं आटतं, तेच घडतं, आणि आजी समोर बसून राहिल्या तर ते डोळ्यांआड होत नाही.

आजी बसून राहिल्या.

(दृश्य: मूस. बत्तीची निळी ज्योत. निवेदन नाही, १५ सेकंद.)

सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला. बावीस कॅरेट थोडं आधीच, कारण त्यात तांबं-चांदी असते. मामा आकडा बघत नाहीत, रंग बघतात. आधी तांबूस, मग नारिंगी, मग पाटलीचा काठ ढासळतो आणि मुशीच्या तळाशी एक डोळा उघडतो. त्यावर चिमूटभर सवागी, म्हणजे टाकणखार, पडते. सवागी मळ ओढून घेते, पृष्ठभाग आरशासारखा होतो.

आता थांबायचं नाही. एका दमात साच्यात.

(दृश्य: लगड पाण्यात. चर्रर्र.)

लगड ३७.४ ग्रॅम. दोन दशांश ग्रॅम मळ होता. मामा आकडा वहीत लिहितात आणि वही आजींकडे वळवतात. आजींना वाचता येतं की नाही, ठाऊक नाही. वही मात्र वळते.

(दृश्य: हातानं फिरवायचं रूळयंत्र. पत्रा लांबत जातो.)

पुढचे दोन दिवस नुसता पत्रा आणि तार. लगड रुळांमधून काढली की लांब होते आणि कडकही होते. तशीच दामटली तर कडेला तडकते. म्हणून काढायची, तापवायची, मऊ करायची, पुन्हा काढायची. तारेचंही तसंच. जंतर म्हणजे तार ओढायची पट्टी, तिच्यात भोकं उतरत्या मापाची. मोठ्यातून लहानात, लहानातून आणखी लहानात. शेवटी तार शिवायच्या दोऱ्याएवढी होते. साज याच तारेनं गुंफतात.

(दृश्य: ठसे. लाकडी खोक्यात ओळीनं मांडलेले.)

आणि हे ठसे. मासा, कासव, चंद्र, शंख, नाग, भुंगा, बेलपान, कमळ, कारलं, वाघनख. परंपरेनं साजाची पानं एकवीस सांगतात, त्यातली दहा विष्णूच्या अवतारांची. आज हलक्या साजात पानं कमीही करतात. नातीनं एकवीसच मागितली. पत्रा पातळ पडेल, असं मामांनी सांगितलं. तिनं मान हलवली. मामांनी पत्रा आणखी एकदा रुळातून काढला.

ठशावर पत्रा, त्यावर हातोडीचा ठोका. ठोका एकच, पण नेमका. दुसरा पडला तर कासवाला दोन पाठी येतात.

(दृश्य: फुंकणी. गाल फुगलेले. ज्योत सुईसारखी.)

पानाला मागून पत्रा लावायचा, मण्याच्या दोन वाट्या जोडायच्या. सांध्यावर डाखाचे बारीक तुकडे, थोडी सवागी, आणि फुंकणीतून वारा. ज्योत कुठं टेकायची हे मामांचा श्वास ठरवतो. एक क्षण जास्त झाला तर डाखाबरोबर पानही वितळेल. मागं डाखात कॅडमियम असायचं, त्याचा धूर छातीत जायचा. मामांचा खोकला मधूनमधून ऐकू येईल, तो आम्ही काढलेला नाही.

(दृश्य: काटा, पुन्हा.)

लाख भरायच्या आधी वजन. हे महत्त्वाचं. पान आतून पोकळ, लाख भरली की ते दबत नाही. पण लाखेसकट वजन केलं तर लाखेला सोन्याचा भाव पडतो. साजाचं निव्वळ सोनं, ३३.९ ग्रॅम. पुन्हा वही वळते.

(दृश्य: बोरमाळ. पोचे आलेला एक मणी.)

बोरमाळ मात्र मामांनी आटवायला घेतली नाही. "हे मणी आता कोण करतंय?" एवढंच म्हणाले. मणी तापवून जुनी लाख काढली, पोचे आतून सुईनं उचलले, नवी लाख भरली, रिठ्याच्या फेसात मऊ ब्रशनं धुतले. मग माळ पटवेकऱ्याकडं गेली.

(दृश्य: पटवेकरी. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला. मण्यामागून मणी.)

इथं बोलण्यासारखं काही नाही. बघा.

(निवेदन नाही, २० सेकंद.)

१९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, आणि देशभरातल्या हजारो सोनारांचा हात थांबला. चौदा कॅरेटची बंदी काही वर्षांतच उठली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये गेला. तोवर अनेकांची मुलं दुसऱ्या कामाला लागली होती. आज गुजरीत घडणीला बंगाली कारागीरही बसलेले दिसतात, आणि ओतीव दागिने साच्यातून डझनांनी निघतात. मामांचा मुलगा पुण्यात आहे.

(दृश्य: संध्याकाळ. मामा खण उपसतात. मोराच्या पिसानं कण गोळा करतात.)

हात धुतलेलं पाणीही बादलीत साठवलंय. कानशीचा कीस, तारेचे तुकडे, पत्र्याच्या कातरणी. सगळं एकत्र आटवून एक मणी झाला. ३.३ ग्रॅम. साज ३३.९, हे ३.३, घट दोन दशांश. बेरीज लगडीएवढी.

(दृश्य: गुलाबी कागद. एक पुडी, दुसरी पुडी, तिसरी.)

साज नातीच्या हातात. बोरमाळ आजींच्या गळ्यात. ती त्यांनी तिथंच घातली, आरसा न मागता. तिसरी पुडी मामांनी पुढं सरकवली.

"ही मजुरीत धरा की," आजी म्हणाल्या.

"मजुरी येगळी. हे तुमचं."

आजींनी पुडी उघडली, आतला मणी तळहातावर घेतला, पुन्हा गुंडाळली आणि पदराच्या गाठीत बांधली.

(दृश्य: जिन्यावरून उतरणाऱ्या दोघी. मामा दारापुढचा केर एका बाजूला लोटतात. काळोख.)