बाळाचा श्वास थांबतो तेव्हा

त्र्याण्णव.
अठ्ठ्याऐंशी.
शहात्तर. रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी घसरतेय. अलार्म वाजतो. हृदयाचे ठोके १५० वरून ८० वर आलेत.

काचपेटीतलं हे बाळ २६ आठवड्यांत जन्मलं. पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतला लाल दिवा चमकतोय, पण छाती हलत नाहीये.

सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालतात, तळपाय हलकेच चोळतात. छाती एकदा उचलली जाते. पुन्हा एकदा. आकडा चढू लागतो.

आईची नजर मात्र अजून मॉनिटरवरच खिळलेली.

श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबून ठोके किंवा ऑक्सिजन घसरला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या जवळजवळ प्रत्येक बाळाला तो होतो. यात आईचं काहीही चुकलेलं नसतं, हे आधी सांगायलाच हवं.

पोटात ऑक्सिजन नाळेतून येतो. तो कमी पडला, तर गर्भ श्वासाच्या हालचाली थांबवून शक्ती वाचवतो. तिथे ते बरोबरच असतं. हे बाळ बाहेर आलंय, पण श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र अजून कच्चं आहे. ऑक्सिजन घटला की बाळ क्षणभर जोरात श्वास घेतं आणि मग मंदावतं. कधी मऊ घसाच मिटतो. इवल्या फुप्फुसांत साठा तो किती! आकडा काही सेकंदांत कोसळतो, मागोमाग ठोकेही.

मग ऑक्सिजनच भरपूर का देत नाहीत? १९४० च्या दशकात तसं केलं गेलं, आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. आज ऑक्सिजनवरच्या बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ मध्ये राखतात.

औषध आहे कॅफिन. हो, कॉफीतलंच. दोन हजारांवर बाळांच्या चाचणीत त्याने फुप्फुसांचा दीर्घ आजार कमी झाला. २००७ मध्ये कळलं, की सेरेब्रल पाल्सीही (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) कमी झाली.

प्रत्येक अलार्म सारखा नसतो. २०१५ च्या एका अभ्यासात पुढच्या अपंगत्वाशी संबंध दिसला तो मिनिटभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या ऑक्सिजनच्या घसरणीचा. म्हणून सिस्टर प्रत्येक वेळी लिहून ठेवतात: किती सेकंद, रंग कसा होता, आपोआप सावरलं की हात लावावा लागला.

बहुतेक बाळांचं हे गरोदरपणाच्या हिशेबाने ३६-३७ आठवड्यांपर्यंत थांबतं, फार लवकर आलेल्यांचं आणखी उशिरा. घरी सोडण्याआधी साधारण पाच ते सात दिवस श्वास थांबण्याचा एकही प्रसंग नको. एक घडला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आज या बाळाचा जन्मानंतरचा चौथा दिवस.