वादळात लाइट गेल्यावर

नमस्कार. माझी नोकरीतली बरीच वर्षं वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये गेली. वादळाच्या रात्री फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "लाइट कधी येणार?" माझ्याकडे खरंच उत्तर नसायचं आणि लोकांना ते खोटं वाटायचं. एवढं मोठं ऑफिस, भिंतीवर एवढे पडदे, आणि यांना माहीत नाही? म्हणून आज तेच सांगायला उभा आहे, की आम्हाला किती कमी दिसतं आणि फोन करणाऱ्या माणसाला किती जास्त.

सबस्टेशनातून फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी मुख्य लाइन, निघतो, बऱ्याच ठिकाणी ११ हजार व्होल्टचा. तो गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तिथपर्यंत येतो. तिथून पुढे घरगुती २३० व्होल्ट, खांबावरून सर्व्हिस वायरने तुमच्या मीटरमध्ये. फीडर ट्रिप झाला, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडला, की कंट्रोल रूमला तत्क्षणी कळतं. पण डीपीचा फ्यूज उडाला किंवा एका फांदीने तुमच्या एकट्याची सर्व्हिस वायर तोडली, तर जुन्या यंत्रणेत आमच्या पडद्यावर सगळं आलबेल असतं. स्मार्ट मीटर असेल तर तो वीज जाताजाता शेवटचा निरोप धाडतो खरा, पण मीटरला वायरवर पडलेलं झाड दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. आणि तुम्ही म्हणता, "शेजाऱ्यांनी केला असेल की फोन!" शेजारीही तेच म्हणत अंधारात बसलेले असतात.

फोन करायच्या आधी दोन मिनिटं घ्या. आधी खिडकीतून बघा, रस्त्यावरचे दिवे, समोरच्यांचे दिवे. फक्त तुमच्याच घरात अंधार असेल तर आपला एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच), ईएलसीबी (वीज गळाली की पडणारा) पडलाय का पाहा. पावसात बाहेरच्या प्लगमध्ये पाणी शिरलं की ईएलसीबी पडतो. सगळे सर्किट बंद करून तो वर करा, मग एकेक चालू करत जा. ज्याला तो पुन्हा पडेल, ते बंद ठेवा.

मग फोन, आणि तो लवकर करा. मोबाईलचे टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतात. ग्राहक क्रमांक कागदावर लिहून मीटरपाशी चिकटवलेला बरा, कारण बिल ज्या मोबाईलमध्ये असतं तोच आयत्या वेळी बंद पडतो. खांबावर नंबर असेल तर तो सांगा. किती वाजता गेली, आवाज आला का, ठिणगी दिसली का. लाइट दोन-तीनदा जाऊन-येऊन मग कायमची गेली, हेसुद्धा आमच्या कामाचं. ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक दोष क्षणिक असतात, फांदी घासते आणि सुटते, म्हणून रिक्लोजर नावाचं यंत्र लाइन आपोआप पुन्हा चालू करून बघतं. ठरावीक प्रयत्न फसले की ते थांबतं. तेव्हा आम्ही समजतो की कुठेतरी खरंच काहीतरी पडलंय.

एका रात्री एका आजींचा फोन आला. लाइट कधी येणार, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "मागच्या खांबावर मघापासून निळं निळं जळत होतं, मग धाडकन आवाज झाला." आमची गाडी फीडरच्या दुसऱ्या टोकापासून एकेक खांब तपासत निघाली होती, ती वळवली. जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, जळून तुटला होता. बाकी सगळे फोन एकीकडे आणि तो एक फोन एकीकडे!

आता तुटलेल्या तारेबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे. तार जमिनीवर निपचित पडली आहे, ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणून ती मेलेली आहे असं कोणीही धरून चालू नये. कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून इतका कमी करंट जातो की कधीकधी फीडर ट्रिपच होत नाही. शिवाय मघाशी सांगितलेला रिक्लोजर तिच्यात पुन्हा वीज सोडू शकतो. किमान १० मीटर लांब राहा आणि इतरांना अडवा. चुकून जवळ असलातच तर पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, छोटे छोटे सरकत बाहेर या. तारेभोवतीच्या जमिनीत जागोजागी व्होल्टेज वेगळं असतं. लांब ढांग टाकली की दोन पायांत तोच फरक येतो. गाडीवर तार पडली तर आतच बसून फोन करा.

दुसरा प्रकार गुपचूप घात करतो. लाइट गेलेली नसते, पण एक दिवा मिणमिणतो आणि दुसरा भलताच प्रखर होतो. बहुधा न्यूट्रल (करंटच्या परतीची तार) तुटलेला असतो. मेन स्विच ताबडतोब बंद करा, फोन नंतर. टीव्ही, फ्रिज जळायला वेळ लागत नाही.

जनरेटरवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घरच्या प्लगमधून वीज आत सोडू नका. मेन चालू राहिला तर तीच वीज उलटी डीपीत जाते, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. तो २३० चे पुन्हा ११ हजार करतो. वर लाइनमन असतो. तो लाइन बंद करून, तपासून, अर्थिंग लावूनच हात घालतो हे खरं, पण त्याचा जीव आपण त्या एका पायरीवर टांगून ठेवायचा का? चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, तो एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडतो. जनरेटर घरात, जिन्यात, गॅरेजमध्ये नको. दारं-खिडक्यांपासून ६ मीटर तरी लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस झोपून जातो. निखाऱ्यांची शेगडीही बंद खोलीत तेच करते.

बरं, छपरावर सोलर आहे आणि तरी अंधार, अशीही तक्रार येते. तो बिघाड नाही. लाइनमनच्या जिवासाठीच ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला सोलरचा साधा इन्व्हर्टर लाइट जाताच मुद्दाम बंद होतो.

फ्रिज उघडला नाही तर आतलं साधारण ४ तास नीट राहतं. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा असेल तर २४. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी, आणि तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली तर खोलीभर उजेड पसरतो. घरात ऑक्सिजनच्या मशीनवर कोणी असेल तर वीज कंपनीला आधीच कळवा आणि सिलिंडरची सोय पावसाळ्यापूर्वी करा. वादळात ती होत नाही.

लाइट गेल्यावर एसी, गीझर, पंप बंद करा, एक दिवा चालू ठेवा. सगळ्या घरांचा भार एकदम आला तर नुकताच चालू केलेला फीडर पुन्हा ट्रिप होतो. दिवा लागला, पाचेक मिनिटं स्थिर राहिला, की एकेक चालू करा.

आणि एक राहिलंच. दुरुस्ती वरून खाली येते, आधी सबस्टेशन, मग फीडर, मग डीपी, शेवटी एकेका घराची वायर. फीडर उभा राहिला की त्यावरच्या सगळ्या तक्रारी एका झटक्यात बंद होतात, तुमचीही. तेव्हा शेजारी लाइट आली, तुम्हाला 'तक्रार निवारण झाली' असा मेसेज आला आणि घरात अंधारच असेल, तर चिडू नका, पुन्हा फोन करून नवा तक्रार क्रमांक घ्या. सर्व्हिस वायर लोंबतेय का ते बॅटरीच्या उजेडात बघून ठेवा, पण लांबूनच.