खिडकीतली मेथी

नमस्कार श्रोतेहो.

घरात आजारपण असलं, नोकरीचं काही खरं नसलं, की दिवस सरता सरत नाही. अशा वेळी 'जरा झाडांत फिरून या' असं सांगतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळून उठून जायचं कसं? म्हणून आज मेथीबद्दल बोलू. खचलेल्या मनाला इतक्या लवकर उत्तर देणारं दुसरं रोप क्वचितच सापडेल.

दोन चमचे मेथ्या रात्री भिजत घाला. सकाळी फुगून बुळबुळीत होतील; ते पाणी ओतून टाका, नाहीतर दाणे आंबतात. चार इंच खोल पसरट कुंडी किंवा जुनं घमेलं चालेल, तळाला भोकं मात्र हवीतच. दोन वाटे माती, एक वाटा गांडूळखत. दाणे एकमेकांवर पडणार नाहीत असे पसरा, वर अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरवा. पाणी हातानेच शिंपडा. तांब्याने ओतलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडीजवळ बसा. मातीचा पापुद्रा तडकलेला दिसेल आणि त्याखालून वाकलेली पांढुरकी मान वर येत असेल. एखाद्याच्या डोक्यावर सालपट टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढू नका, पाण्याचा शिपका मारा, आपोआप गळेल. आधी दोन जाडसर दलं उघडतात, मग एकटंच एक पान येतं. त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पानांचं. ते एकटं पान चुकवू नका, रोपाच्या आयुष्यात ते एकदाच येतं.

मेथी मरते ती बहुधा मायेपोटी, जास्तीच्या पाण्याने. देठ मातीलगत कुजतो आणि रोपं आडवी होतात. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. रोपं लांबुडकी, पिवळट झाली तर ऊन कमी पडतंय. सकाळचं तीन-चार तास मिळू द्या. मे महिन्यात दुपारी सावलीत सरकवा.

मुंबईत समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, रेताड जमिनीतल्या. तशीच बोटभर झाली की, साधारण पंधरा दिवसांनी, कात्री आजारी माणसाच्याच हातात द्या. मूठभर निघेल. पथ्यात बसत असेल तर वरणात घाला, आणि पहिला घास घेताना कुंडीकडे पाहून हात जोडावेसे वाटले तर जरूर जोडा.

मुळं मातीतच कुजू द्या, खत होईल. आणि त्याच रात्री पुढचे दोन चमचे भिजत घाला.